नरकातील पाप आणि पापाचे कथन

१

नरकात गेलेला जीव तेथेही पाप करीत राहतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी मध्ययुगीन पंडितांच्या शब्दच्छलाचा नमुना वाटण्याजोगा आहे. परंतु ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातील एक मोठा पेच या प्रश्नात दडलेला आहे. माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे असते. त्यात घडणारी पापे कितीही घोर असली तरी मोजता येण्याजोगी असतात. त्यांना अंत नसलेली शिक्षा होते, असे मानले की ईश्वराच्या न्यायाविषयी शंका उभी राहते. नरकातही पाप चालूच असते, म्हणून शिक्षाही चालू राहते, असे उत्तर दिले तर ही शंका मिटते. पण लगेच दुसरी उभी राहते. पाप करण्यास संकल्पाचे स्वातंत्र्य लागते. ते नरकात शिल्लक असेल, तर त्याच स्वातंत्र्याने पश्चात्ताप का करता येऊ नये? आणि ते शिल्लक नसेल, तर तेथे जे घडते त्याला पाप का म्हणावे?

ईश्वरवैज्ञानिकाला या पेचात ईश्वराच्या न्यायाची चिंता असते. साहित्याच्या अभ्यासकापुढे त्याचे वेगळे रूप येते. पात्र कृतीतून घडते आणि कृतीतून कळते, हे कथनात्म साहित्याचे एक मूलभूत गृहीत आहे. ज्याची कृती संपली आहे, ज्याच्या बाबतीत आता काहीही बदलणार नाही, अशा जीवाचे पात्र कसे उभे करावे? दान्ते आणि मिल्टन या दोघांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. त्यांनी दिलेली उत्तरे ईश्वरविज्ञानातील मतभेदांशी निगडित आहेत. तशीच ती त्यांच्या काव्यांच्या रचनेचीही सूत्रे आहेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. 'नरक' हा शब्द मराठीत पुराणांची कल्पना घेऊन येतो. त्या कल्पनेत मनुष्यलोक ही कर्मभूमी आणि नरक ही भोगभूमी. तेथे नवे कर्म जमत नाही, जुने भोगून संपते आणि जीव पुन्हा जन्माला येतो. गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती बोलीत नरकाला 'यमकोंड' म्हणतात. धर्म बदलला तरी यमाचे नाव राहिले. मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती नरक मात्र भोगून संपत नाही. तो भोगभूमी असेलही, पण तेथून बाहेर नेणारे पुनर्जन्माचे दार नाही. म्हणूनच नव्या कर्माचा प्रश्न पुराणांच्या नरकात जितका गौण ठरतो तितकाच ख्रिस्ती नरकात तो निर्णायक ठरतो.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दृष्टांतात या प्रश्नाचे बीज आहे. अधोलोकात यातना भोगणारा श्रीमंत अब्राहामाकडे दोन मागण्या करतो. लाजराने बोट पाण्यात बुडवून आपली जीभ थंड करावी, ही पहिली. आणि त्याने आपल्या पाच भावांकडे जाऊन त्यांना सावध करावे, ही दुसरी. दुसऱ्या मागणीत बंधुप्रेम दिसते. पण दोन्ही मागण्यांत लाजर हा पाठवायचा माणूसच आहे. ज्याला दारात उपाशी पडू दिले, त्याच्याकडे श्रीमंत मृत्यूनंतरही गडी म्हणूनच पाहतो. त्याने नवे पाप केले असे दृष्टांत सांगत नाही. तरी जुने पाप त्याच्या बोलण्याच्या वळणात जसेच्या तसे उरले आहे. नरकातील पाप शोधायचे असेल तर ते कोठे शोधावे, याची ही पहिली खूण मानता येईल.

२

तिसऱ्या शतकातील ऑरिजेनने जीवाचे स्वातंत्र्य कधीही नष्ट होत नाही असे मानले, आणि त्यातून अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परत येतील या आशेकडे तो गेला. चर्चने सहाव्या शतकात या मताचा निषेध केला. ऑगस्टीनने 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाचे एकविसावे पुस्तक अनंत शिक्षेच्या समर्थनासाठीच लिहिले. गुन्ह्यास लागलेला वेळ आणि शिक्षेचा कालावधी यांचे माप मानवी न्यायातही सारखे नसते, असा त्याचा एक युक्तिवाद आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीच्या 'संवादां'त त्याहून सूक्ष्म विचार येतो. दुष्ट माणसाचे पाप संपले ते आयुष्य संपले म्हणून. अनंत काळ जगता आले असते तर त्याने अनंत काळ पाप केले असते. शिक्षा या इच्छेची आहे. या युक्तिवादात पापाची अनंतता कृतीतून काढून इच्छेत ठेवलेली आहे.

'नरकात पाप चालू असते म्हणून शिक्षा चालू असते' ही भूमिका उघडपणे मांडणाऱ्यांत लाइबनिट्स महत्त्वाचा. १७१० सालच्या 'थिऑडिसी'त त्याने या मार्गाने अनंत शिक्षेचा न्याय्यपणा दाखविण्याचा प्रयत्न केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी तत्त्वज्ञानात या भूमिकेला पुन्हा अनुयायी मिळाले.

थॉमस अक्वायनसचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. १२७४ साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा 'सुम्मा थिऑलॉजिए' अपूर्ण होती. त्याच्या पूर्वीच्या भाष्यातून निवडून पुढे जे परिशिष्ट जोडण्यात आले, त्यातील ९८ वा प्रश्न नरकवासी जीवांच्या इच्छेविषयी व बुद्धीविषयी आहे. तेथे तीन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली अशी की निसर्गतः प्राप्त झालेली इच्छा ईश्वराने दिलेली असल्यामुळे चांगलीच असते. पण नरकवासी जीवाची विचारपूर्वक केलेली प्रत्येक इच्छा वाईट असते, कारण तिचे अंतिम लक्ष्यच उलटे झालेले असते. दुसरी गोष्ट पश्चात्तापाची. पापाचा पाप म्हणून तिटकारा येणे वेगळे आणि पापामुळे शिक्षा भोगावी लागते म्हणून त्याचा तिटकारा येणे वेगळे. नरकात दुसरा असतो, पहिला नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नरकात वाईट इच्छा असते. पण तिच्यामुळे नवे पापार्जन होत नाही. पुण्य किंवा पाप गाठी जमते ते वाटसरूच्या; जो मुक्कामाला पोचला त्याचा हिशेब मिटलेला असतो. स्वर्गातील जीवाची सदिच्छा हे पुण्य नसून पुण्याचे फळ असते. तशी नरकातील जीवाची दुरिच्छा ही शिक्षेचाच भाग असते. पाप करीत राहणे हीच तेथील शिक्षा होय. या नियमाला अक्वायनस एक सवलत ठेवतो. अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत मुख्य शिक्षेत नव्हे, पण आनुषंगिक शिक्षेत भर पडू शकेल. आणि हे विशेषतः माणसांना मोहात पाडणाऱ्या सैतानी दूतांना लागू पडेल.

कर्मसिद्धान्ताच्या परिभाषेत सांगायचे तर अक्वायनसच्या नरकात क्रिया आहे, पण क्रियमाण नाही. तर्कदृष्ट्या हे उत्तर नीटस आहे. प्रश्न एवढाच उरतो, की परिणामशून्य क्रिया चित्रित कशी करावी?

३

१३२१ साली दान्तेचा मृत्यू झाला तोपर्यंत त्याने या प्रश्नाचे उत्तर काव्यातून देऊन ठेवले होते. 'इन्फेर्नो'च्या चौदाव्या सर्गात कापानेउस भेटतो. थीबीजवर चालून गेलेल्या सात वीरांपैकी हा एक. झ्यूसला आव्हान दिल्यामुळे तो वज्राने मारला गेला. तापलेल्या वाळूवर आगीचा पाऊस पडत असताना तो पडून आहे आणि जिवंतपणी आपण जसे होतो तसेच मेल्यावरही आहोत, असे दर्पाने सांगतो. व्हर्जिल त्याला इतक्या कठोर स्वरात उत्तर देतो की तसा स्वर दान्तेने पूर्वी ऐकलेला नाही. त्या उत्तराचा आशय असा, की न विझणारा हा गर्वच कापानेउसची शिक्षा आहे. त्याच्या संतापाला त्याच्या संतापाइतकी साजेशी दुसरी यातना नाही. परिशिष्टातील सिद्धान्त येथे दोन पात्रांमधील संवाद होऊन आला आहे.

एरिख औएरबाखने 'मिमेसिस' (१९४६) मधील फारिनाता आणि काव्हाल्कान्ते यांच्यावरील प्रकरणात दान्तेच्या या शक्तीचे विवेचन केले आहे. परलोकात माणसाचे ऐहिक व्यक्तित्व पुसले जात नाही, उलट ते तेथे अंतिम स्वरूपात स्थिर होते. आणि ते इतके प्रखर होते की माणसाची प्रतिमा ईश्वरी व्यवस्थेच्या चौकटीला झाकोळून टाकते, असे त्याचे प्रतिपादन. ते बहुतांशी मान्य होण्यासारखे आहे. मात्र 'स्थिर होते' या शब्दांमुळे एक गोष्ट दृष्टिआड होऊ शकते. दान्तेचे नरकवासी पुतळ्यांसारखे उभे नाहीत, ते बोलतात. त्यांची जगातील कृती संपली असली तरी त्या कृतीविषयी सांगण्याची कृती चालू आहे. दान्तेच्या नरकात पाप चालू राहते ते मुख्यतः या सांगण्यात.

पाचव्या सर्गातील फ्रान्चेस्काचे निवेदन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. नवऱ्याच्या भावाशी, पाओलोशी, जडलेल्या प्रेमाची हकीकत ती तीन लागोपाठच्या कडव्यांत सांगते, आणि प्रत्येक कडव्याच्या आरंभी 'प्रेम' हा कर्ता येतो. प्रेमाने पाओलोला ग्रासले, प्रेमाने तिला सोडले नाही, प्रेमाने दोघांना एका मरणाकडे नेले. पुढे मध्यस्थाचे काम केले ते लॅन्सलॉटच्या कथेच्या पुस्तकाने आणि ते लिहिणाऱ्याने. साऱ्या कथेत फ्रान्चेस्का स्वतः क्रियापदाची कर्ती होते ती वाचण्यापुरती. तिच्या बोलण्यात खोटे काही नाही. पण ज्या क्षणी तिने होकार दिला तो क्षण तिच्या व्याकरणात नाही. जिवंतपणी इच्छेपुढे विवेक नमला, हे या वर्तुळातील पाप. नरकातही तिचे वाक्य त्याच इच्छेपुढे नमते.

याच प्रसंगात एक छोटी, पण फार बोलकी रचना येते. विश्वाचा राजा आमचा मित्र असता तर आम्ही तुझ्या शांतीसाठी त्याची प्रार्थना केली असती, अशा अर्थाचे फ्रान्चेस्का दान्तेला सांगते. 'पुर्गातोरिओ'त जीव जिवंत माणसांकडे प्रार्थना मागतात. 'इन्फेर्नो'च्या वरच्या वर्तुळांतील जीव आपली आठवण जगात राहावी एवढेच मागतात आणि तळातील काही तर आपले नावही कळू नये म्हणून धडपडतात. फ्रान्चेस्काच्या तोंडची प्रार्थना संकेतार्थी रूपात आहे, म्हणजे न घडलेल्या आणि न घडणाऱ्या गोष्टीच्या रूपात. नरकात सदिच्छेची आठवण उरते, सदिच्छा उरत नाही. अक्वायनसने 'निसर्गतः प्राप्त इच्छा' आणि 'विचारपूर्वक इच्छा' असा जो भेद केला, तो येथे क्रियापदाच्या रूपात उतरला आहे.

सत्ताविसाव्या सर्गातील ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो हे दुसरे उदाहरण. हा सेनानी उतारवयात फ्रान्सिस्कन साधू झाला. पोप आठवा बोनिफास याने शत्रूंविरुद्ध कपटी सल्ला मागितला आणि पापाची क्षमा आगाऊच देऊ केली. ग्विदोने सल्ला दिला. मृत्यूनंतर संत फ्रान्सिस त्याला न्यायला आला, तेव्हा काळ्या दूताने तर्कशास्त्राच्या आधारे दावा जिंकला: ज्याला पश्चात्ताप नाही त्याला क्षमा नाही, आणि एकाच गोष्टीची इच्छा व पश्चात्ताप एकाच वेळी असणे हा विरोध आहे. ग्विदो हे सारे अचूक सांगतो. पण त्याच्या कथेत दोषी ठरतो तो पोप. शिवाय येथून कोणी जिवंत परत जात नाही, मग बदनामीची भीती कशाला, असा हिशेब करूनच तो तोंड उघडतो. कपटी सल्लागार नरकातही धोका जोखून बोलतो. त्याचा मुलगा बुओन्कोन्ते १२८९ साली काम्पाल्दीनोच्या लढाईत मेला. मरताना मेरीचे नाव ओठांवर आले आणि एक आसू ओघळला, एवढ्यावर तो 'पुर्गातोरिओ'च्या पाचव्या सर्गात मुक्तीच्या वाटेवर भेटतो. बापाजवळ साधूचे वस्त्र आणि पोपची क्षमा होती, मुलाजवळ शेवटच्या श्वासातला एक शब्द होता. वाटसरूपण आणि मुक्काम यांमधील सीमारेषा दान्ते इतकी बारीक आखतो.

तेहेतिसाव्या सर्गातील उगोलिनो आपल्या मुलांसह मनोऱ्यात उपासमारीने मेला. ही हकीकत तो ज्या हेतूने सांगतो तो हेतू त्यानेच आरंभी सांगितला आहे: आपले शब्द ज्याचे डोके आपण कुरतडतो आहोत त्या आर्चबिशप रुज्जेरीच्या बदनामीचे बीज ठरावेत. त्याचे दुःख खरे आहे. त्यावर कोणताही वाचक शंका घेणार नाही. पण ज्या विश्वासघातासाठी तो स्वतः या बर्फात आहे, त्याचा उच्चार त्याच्या कथेत नाही. मुलांचे मरण सांगून झाले की तो पुन्हा कवटीला दात लावतो. कथन आणि कुरतडणे ही एकाच तोंडाची दोन कामे होऊन बसतात.

४

या अन्वयार्थावर एक आक्षेप येऊ शकतो. सर्वच नरकवासी आपला दोष झाकीत नाहीत. बेर्त्रान् द बोर्न आपण बाप-लेकांत वैर पेरले हे स्वच्छ सांगतो. पिस्तोइयाचा चोर वान्नी फुच्ची तर आपल्याला पशूचे जिणे आवडले, माणसाचे नव्हे, अशी कबुली देतो. मग कथन हेच पाप, हे कसे टिकावे?

वान्नी फुच्चीच्या प्रसंगातच या आक्षेपाचे उत्तर मिळते. चोविसाव्या सर्गात सापाच्या दंशाने त्याची राख होते आणि राखेतून तो पुन्हा उभा राहतो. दान्ते त्याला ओळखतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शरम पसरते. ही शरम चोरीची नाही. या अवस्थेत पाहिले गेल्याची आहे. आपण मेलो त्या वेळच्या दुःखाहून हे दुःख मोठे, असे तो म्हणतो. लगेच तो दान्तेच्या पक्षाच्या पराभवाचे भविष्य सांगतो आणि ते दान्तेला दुखविण्यासाठीच सांगितले, हेही सांगून टाकतो. पंचविसाव्या सर्गाच्या आरंभी तो दोन्ही हातांनी ईश्वराकडे पाहून अश्लील खूण करतो. कबुली आणि पश्चात्ताप या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, याचे हे टोकाचे उदाहरण. दोष झाकणारे कथन आणि दोष मिरविणारे कथन यांत एक समान धागा आहे: ज्याचा अपराध केला त्याच्याकडे या दोन्हींपैकी एकही वळत नाही. बेर्त्रानची कबुलीसुद्धा आपल्या शिक्षेहून भयंकर शिक्षा दुसरी आहे का ते पाहा, अशा आव्हानाने सुरू होते.

वान्नी फुच्चीच्या खुणेमुळे मात्र अक्वायनसच्या व्यवस्थेवर खरोखरच ताण येतो. ती खूण ही नवी कृती आहे, जुन्या कृतीचे कथन नव्हे. आणि तिच्यामागोमाग नवी शिक्षाही येते. एक साप त्याच्या गळ्याला वेढा घालून बोलणे थांबवतो, दुसरा हात जखडतो, आणि मग काकुस हा सेंटॉर त्याच्या शोधात धावत येतो. येथे पापार्जन झालेच, असे म्हणावे काय? आनुषंगिक शिक्षेची सवलत आठवली तर सिद्धान्त वाचतो, कारण दान्तेचा प्रवास अंतिम न्यायाच्या पूर्वीचा आहे. दहाव्या सर्गात फारिनाता सांगतो की नरकवासीयांना भविष्य दिसते, जवळचे दिसत नाही, आणि भविष्याचे दार बंद होईल तेव्हा त्यांचे ज्ञानही मरेल. म्हणजे दान्तेच्या नरकात अजून थोडा काळ शिल्लक आहे. या शिल्लक काळातच त्याचे काव्य घडू शकते. न्यायाच्या दिवसानंतरच्या नरकाचे महाकाव्य लिहिता येणार नाही. तेथे सांगायलाही काही उरणार नाही.

५

मिल्टनने ही सवलत उचलली आणि तिचे कथानक केले. १६६७ साली दहा पुस्तकांत आणि १६७४ साली बारा पुस्तकांत प्रसिद्ध झालेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये नरकवासी हे माणसे नसून पतित देवदूत आहेत, आणि अंतिम न्याय दूर आहे. पहिल्याच पुस्तकात सैतान अग्निसरोवरातून डोके वर काढतो तेव्हा निवेदक सांगतो, की वरच्या इच्छेने त्याला मोकळे सोडले नसते तर त्याला उठताही आले नसते. त्याने पुन्हा पुन्हा गुन्हे करावेत आणि आपल्याच डोक्यावर दंडाची रास रचावी, यासाठी ही मोकळीक आहे. दान्तेच्या नरकात पाप शिक्षेचा भाग होते. येथे पाप शिक्षेची वाढ करते. परिणामशून्य क्रियेची अडचण मिल्टनपुढे नाही. त्याच्या सैतानाला योजना आहे, प्रवास आहे, मनाची घालमेल आहे. थोडक्यात, त्याला नाट्य आहे.

या नाट्याची किंमत मिल्टनला मोजावी लागली. पाप वाढावे म्हणून सोडलेली मोकळीक हा न्याय की सापळा, हा प्रश्न निवेदकाच्या त्या विधानातूनच उद्भवतो. ब्लेकने मिल्टन नकळत सैतानाच्या पक्षाचा आहे असे अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हटले, आणि विल्यम एम्प्सनने 'मिल्टन्स गॉड' (१९६१) मध्ये काव्यातील ईश्वरावरच नैतिक खटला भरला. स्टॅन्ली फिशने 'सर्प्राइज्ड बाय सिन' (१९६७) मध्ये याला दिलेले उत्तर असे, की सैतानाचे आकर्षण हा वाचकासाठी योजलेला मोह आहे. वाचक त्यात सापडतो आणि स्वतःचे पतन ओळखायला शिकतो. तिघांच्याही वाचनाच्या मुळाशी एकच वस्तुस्थिती आहे: नरकवासी जीवाला पाप करण्याची क्षमता खऱ्या अर्थाने दिली की त्याला पात्रत्वही द्यावे लागते, आणि पात्रत्व दिले की वाचक त्याच्या बाजूने एक पाऊल टाकतो.

चौथ्या पुस्तकातील सैतानाचे स्वगत या दृष्टीने निर्णायक आहे. सूर्याकडे पाहून तो ईश्वराचे उपकार मान्य करतो, आपला दोष मान्य करतो, आणि पश्चात्तापाला जागा उरली आहे काय असा प्रश्न स्वतःला विचारतो. शरणागतीचा शब्द त्याला उच्चारवत नाही, कारण अनुयायांपुढे लाज वाटेल. क्षमा मिळालीच तर काय होईल, याचाही तो विचार करतो: पूर्वपद मिळताच वेदनेत दिलेली वचने मोडली जातील, पुन्हा पतन होईल आणि ते अधिक खोल असेल. फ्रान्चेस्काच्या प्रार्थनेप्रमाणे हा पश्चात्तापही संकेतार्थी आहे. फरक असा की फ्रान्चेस्काचे दार दुसऱ्याने बंद केल्यासारखे वाटते. सैतान दारापाशी उभा राहून, दार उघडले तर काय होईल याचा हिशेब करून, स्वतः मागे फिरतो. अक्वायनसने 'स्थिर झालेली इच्छा' म्हणून जे सांगितले, ते स्थिर होताना मिल्टन दाखवतो. त्याच्या काव्याचे हे यश लहान नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक दुष्कृत्याला वरून मोकळीक होती, हा पहिल्या पुस्तकातील उल्लेख वाचकाच्या मनातून जात नाही.

विसाव्या शतकात हे दार उघडेच ठेवून पाहिले गेले. सार्त्रच्या 'उई क्लो' (१९४४) या नाटकात बंद खोलीचे दार अचानक उघडते आणि तिघांपैकी कोणीही बाहेर जात नाही. सी. एस. लुईसच्या 'द ग्रेट डिव्होर्स' (१९४५) मध्ये करड्या नगरातून बसने स्वर्गाच्या सीमेवर आलेल्या छायांना तेथे राहण्याची मुभा असते. बहुतेक परत जातात. त्यातील एका कुरकुर करणाऱ्या बाईविषयी प्रश्न पडतो तो असा, की ती अजून कुरकुर करणारी व्यक्ती आहे की केवळ कुरकुरच उरली आहे. एक निरीश्वरवादी आणि एक श्रद्धावान, दोघेही एकाच दृश्यापाशी येतात. मात्र लुईसचा प्रश्न पुढचा आहे. पाप चालू राहिले तरी पाप करणारा चालू राहतो काय? व्यक्ती झिजून केवळ सवय उरली, तर शिक्षा कोणाला होते? 'नरकातही पाप चालू असते' या उत्तराने न्यायाचा प्रश्न सोडवला, पण सोडवताना ज्याचा न्याय करायचा तोच हातातून निसटू लागला.

६

दान्तेकडे पुन्हा वळावे लागते ते याच कारणाने. त्याच्या नरकात वाटसरू म्हणता येईल असा एकच जण आहे, तो स्वतः यात्रिक दान्ते. इतरांचे हिशेब मिटलेले आहेत. त्याचा चालू आहे. तेथे पापार्जन कोणाला होऊ शकत असेल तर ते त्यालाच. म्हणून 'इन्फेर्नो'तील खरे नैतिक नाट्य फ्रान्चेस्का किंवा उगोलिनो यांच्या वाट्याला आलेले नाही. ते ऐकणाऱ्याच्या वाट्याला आले आहे. फ्रान्चेस्काचे ऐकून तो मूर्च्छित पडतो. बोक्काचे केस उपटतो. फ्रा अल्बेरीगोला डोळ्यांवरचा बर्फ काढण्याचे वचन देतो आणि मोडतो. या कृती योग्य की अयोग्य, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. पण या कृतींना परिणाम आहे, कारण करणारा अजून वाटेवर आहे.

तिसाव्या सर्गात खोटी नाणी पाडणारा मास्तर आदामो आणि ट्रॉयला फसविणारा सिनोन यांचे भांडण जुंपते. ते एकमेकांची पापे उगाळतात; नरकातील कथनाचा याहून नागडा नमुना नाही. दान्ते रंगून ऐकत राहतो. व्हर्जिल रागावतो आणि असले ऐकण्याची इच्छाच हीन आहे असे सुनावतो. दान्तेला इतकी शरम वाटते की क्षमा मागायलाही शब्द फुटत नाही. व्हर्जिल म्हणतो, याहून मोठा दोषही याहून कमी शरमेने धुतला जाईल. मनावरचे ओझे उतरव.

वान्नी फुच्चीची शरम आणि दान्तेची शरम यांत सहाच सर्गांचे अंतर आहे. एक शरम पाहिले गेल्याची, दुसरी केल्याची. पहिलीतून शिवी निघते, दुसरीतून मौन; आणि ते मौनच क्षमायाचना म्हणून स्वीकारले जाते. साऱ्या 'इन्फेर्नो'त इतक्या निःसंदिग्धपणे पाप घडून धुतले जाण्याचा प्रसंग हा एकच, आणि ते पाप नरकवासीयांचे कथन चवीने ऐकण्याचे आहे.

नरकातील जीव पाप करीत राहतो काय, या प्रश्नाला दान्तेचे काव्य जे उत्तर देते ते अक्वायनसच्या उत्तराशी जुळणारे असूनही त्याहून अधिक काही सांगते. तो पाप करीत राहतो, कारण तो आपली गोष्ट त्याच रीतीने सांगत राहतो. आणि त्याच्या सांगण्याने त्याचे आता काही बिघडत नाही. बिघडू शकते ते ऐकणाऱ्याचे. फ्रान्चेस्काच्या व्याकरणातील गाळलेला कर्ता वाचकाला दिसतो की तिच्या बरोबरीने तोही तो गाळतो, येथे वाचक स्वतःविषयीच निकाल देत असतो. हे ओळखल्यावर अनंत शिक्षेच्या न्याय्यतेचा प्रश्न सुटत नाही; ऑरिजेनपासून आजवर तो ज्यांना छळत आला त्यांना तो पुढेही छळेल. पण काव्याने तो प्रश्न मेलेल्यांच्या हिशेबातून काढून जिवंतांच्या हिशेबात टाकला आहे, आणि तेथे त्याचे उत्तर देण्यास अजून अवधी आहे.